मीटर आणि पहाटेची फेरी

दि. ४ मे

चि. छोटीस, अ. उ. आ.

माशांच्या डॉक्टरीणबाई, घरचंच गिऱ्हाईक आलं आहे. तळ्यात मासे पाळायचे जे जाळीचे पिंजरे आहेत, त्यांतल्या तिसऱ्यात आठवड्यात एकशेचाळीस मासे मेले. पोटावर लाल चट्टे, शेपट्या झडलेल्या. बाकीचे दोन पिंजरे अजून ठीक आहेत, पण रोग तिकडे सरकला तर तळ्याला रामराम ठोकावा लागेल. दोन मासे बर्फात घालून बसने पाठवतो आहे, तपासून बघ.

पाण्यात दोष नाही. प्राणवायू मोजायचा नवा मीटर रोज दुपारी, जेवण झालं की, धक्क्यावर बसून पाण्यात सोडतो. प्राणवायू आठ, म्हणजे पहिला नंबर. आजारी आहेत म्हणून खाद्यही दुप्पट केलं आहे. तू फक्त औषधाचं नाव कळव.

तुझी आई तिथे येऊन तीन आठवडे झाले. मी एवढंच म्हणालो होतो की मीटर आला, आता तुझ्या पहाटेच्या फेरीची गरज नाही. तिला झोप मिळावी म्हणूनच म्हणालो. ती झोपते का, तेही कळव.

आमच्यावरचा लोभ माशांसारखा घटू देऊ नकोस.

तुझा,
बाबा

दि. ८ मे

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

मासे पोचले. कंडक्टरने नाक धरूनच डबा हातात दिला. जंतू सापडले, पण ते तळ्यात बारा महिने असतात आणि धडधाकट माशाच्या वाटेला जात नाहीत. मासा गुदमरून हैराण झाला की त्यांचं फावतं. तेव्हा आधी पाणी, मग औषध.

उन्हात पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं आणि रात्रभर स्वतःच तो ओढत बसतं. त्यामुळे दुपारचा आकडा तोंडदेखला. खरा आकडा उजाडायच्या आधी, पिंजऱ्याच्या आत, खोलवर मोजायचा. उरलेलं खाद्य खाली कुजून उरलासुरला प्राणवायूही खातं. बाबा, तुमचे लाड त्यांच्या जिवावर उठलेत.

आईला हे सांगितलं तर ती मटार सोलत म्हणाली की त्यांच्याकडे मीटर आहे ना. थोड्या वेळाने मात्र तिने विचारलं, मासे पहाटे वर येऊन तोंड वासतात का. झोपेचं म्हणाल तर ती चारलाच उठते आणि आमच्या गॅलरीतून रस्ता बघत बसते. रस्त्यावर मासे नाहीत, हे तिला अजून पटलेलं नाही.

रागावू नका, पण मोजा.

तुमची,
छोटी

दि. ११ मे

चि. छोटीस, अ. उ. आ.

पहाटे गेलो. आधी वल्हं विसरलो, मग मीटर. शेवटी खोलवर मोजलं तर आकडा दोन. सगळे मासे वर येऊन तोंडं वासत होते. माझी मान खाली गेली.

खाद्य बंद केलं, शेवाळाने बुजलेली जाळी घासली, निम्मे मासे धक्क्यावर पडून असलेला जादा पिंजरा पाण्यात सोडून त्यात हलवले. परवा नऊ मेले होते, आज दोन.

सतरा वर्षं तुझी आई पहाटे होडीतून जायची, मासे बघायची, पाण्यात हात घालायची आणि येऊन सांगायची की आज खाद्य नको. मला वाटायचं, बाईचा छंद आहे. मीटर आकडा सांगतो, पण कधी नि कुठे बघायचं ते तिलाच ठाऊक होतं. चूक माझी आहे, आणि घर खायला उठतं.

हे तिला वाचून दाखवू नकोस. तिच्या हाताशी ठेव आणि तू आत जा.

लोभ दोघींचा असावा.

बाबा

दि. १४ मे

मायना मुद्दाम घातलेला नाही.

पत्र दोनदा वाचलं. छोटी म्हणते, मरणाऱ्या माशांचा आकडा असाच उतरत गेला तर औषध लागणार नाही. मी शनिवारच्या बसने येते. तोवर खाद्य बंदच ठेवा, मासे कितीही केविलवाणे दिसले तरी.

मीटर फेकू नका. हात मी घालीन, आकडा तुम्ही वाचा. पहाटे साडेचारला निघायचं, आणि वल्हं तुम्ही मारायचं.

लोभ होताच, फेरी तेवढी बंद होती.