अप्पांच्या मानेतली रेघ

३ जून, कोइम्बतूर
सोनोग्राफीची चित्रं तपासायच्या नोकरीत रुजू झाले! अप्पा सोमनूरहून सोडायला आले, यंत्रमागाला चक्क सुट्टी देऊन. घरातली पहिली पदवीधर कुठे बसते ते त्यांना बघायचं होतं. इथे संगणकाला शिकवायला निरोगी माणसांच्या मानेचीही सोनोग्राफी लागते, म्हणून त्यांनी हौसेने मान पुढे केली. डॉक्टर म्हणाले, धमनी हमरस्त्यासारखी मोकळी आहे. शेण्बगम अक्का माझ्या वरिष्ठ. म्हणाल्या, विणकराची पोर ना गं तू, मग रेघ वाकडी आली तर बघ.

१० जून
चित्रात धमनीच्या दोन भिंती पांढऱ्या दिसतात, मधली रक्ताची वाट काळी. भिंतीवर संगणक लाल रेघ ओढतो. आपण ती तपासायची, चुकली तर पुसून नीट काढायची, मग ‘मान्य’ दाबायचं. त्यातून तो शिकतो आणि उद्या खेड्यापाड्यातल्या कुणाचा तरी पक्षाघाताचा झटका टळतो. मला हे काम फार आवडलंय.
आज अप्पांचं चित्र आलं. रेघ भिंतीपासून केसभर आत, काळ्या वाटेत होती. अक्का म्हणाल्या, केसभराने काय होतंय, दाब गं. दाबलं.

१९ जून
आपला हात किती अचूक ते तपासायला तीच चित्रं पुन्हा देतात. अप्पांचं आलं. चित्र एकदा काढलं की बदलत नाही. पण भिंत सरकली होती, लाल रेघ होती तिथवर. आणि नवी रेघ आणखी आत. मी पुसून भिंतीवर काढली. अक्का हसल्या, लक्ष कुठे आहे गं, कुणी मनात भरलंय?
संध्याकाळी अम्माचा फोन. दहा तारखेपासून अप्पांना तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नाही.

२६ जून
अप्पांना बोलावून पुन्हा तपासलं. डॉक्टर म्हणाले, जुन्या चित्रातही धमनी इतकीच अरुंद आहे की, आधीचंच दुखणं. गोळ्या दिल्या. ‘मोकळी’ म्हटल्याचं त्यांना आठवत नाही.
रेघ बाहेर ओढून पाहिली. वाट रुंदावत नाही. रेघ पुसली तर भिंत नुसती आहे तिथे थांबते.

१ जुलै
आता अप्पांचं चित्र रोज येतं. शेकडो चित्रांत कुठेही. पुसते, काढते. ताप आहे, पण रजा घेतली तर दुसरं कुणी ‘मान्य’ दाबेल.

४ जुलै
डोळे चुरचुरतात. सगळ्या धमन्या सारख्याच दिसतात. बोट आपोआप ‘मान्य’ दाबतं. अक्का खूश, म्हणाल्या, आता कशी मशीनसारखी चाललीस!

५ जुलै, दुपार
डबा उघडला, दहीभात तसाच. जेवायला उठण्याआधीचं शेवटचं चित्र अप्पांचं — पुसली होती का रेघ? आठवत नाही —

उघडून पाहिलं. दोन्ही भिंती चिकटल्यात. मध्ये काळं काहीच —

पुसलं जात नाही. अक्का म्हणतात, मान्य झालेलं कसं बदलणार, जेव आधी —

अम्माचा फोन वाजतोय. उचलत नाही. मी उचलत नाही तोवर अप्पा —