नळी निशाणाकडे, बोट बाहेर

रविवार, ६ सप्टेंबर १९६४. लोणार.
आजपासून रोजनिशी. याआधीच्या चार जानेवारीत सुरू केल्या होत्या. तिथेच चूक झाली.
कारण घडले ते असे. सासरे कै. नारायणराव (सुलतानपूर) यांनी मृत्युपत्रात आपलं पिस्तूल मला दिलं. थोरला मुलगा गुलाबराव धडधाकट समोर उभा असताना जावयाला, म्हणजे अकोल्याच्या पेपरच्या वार्ताहराला. याला म्हणतात माणसाची पारख. तात्पुरता परवाना ३१ ऑक्टोबरपर्यंत. तोवर बुलढाण्याच्या पोलिसांच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जाऊन 'सुरक्षित हाताळणी'चा दाखला आणायचा. नाही आणला तर पिस्तूल दुसऱ्या वारसाकडे, म्हणजे गुलाबरावांकडे. मध्ये सात रविवार. मला तीन पुरतील.

सोमवार, ७ सप्टेंबर.
सौ.ला पारखीचा मुद्दा समजावून सांगितला. ती म्हणाली, बाबांनी ते तुम्हाले काऊन देलं, ठाऊक आहे का? दादाच्या हाती लागू नये म्हणून. दादाचं अन् शेजारच्या शेतवाल्या उकंडरावाचं धुऱ्यावरून, मधल्या बांधावरून, जमत नाही. मागच्या उन्हाळ्यात दादा त्याच्यावर कुऱ्हाड घेऊन धावला होता. बाबा म्हणे, जावाई ते पेटीत ठेवतील अन् विसरून जातील. तर ठेवून द्या पेटीत, नाहीतर सरकारजमा तरी करून टाका.
बायकांना मृत्युपत्राचा अन्वयार्थ लावता येत नाही. सरकारजमा करायला मी भेकड आहे काय? दाखला घेईन, मग पेटीत ठेवीन. क्रम महत्त्वाचा.

रविवार, १३ सप्टेंबर. रात्री ८.
पहाटेची एस.टी. मेहकर, चिखली, बुलढाणा. चांदमारी गावाबाहेर टेकडीच्या पोटाशी. प्रमुख जमादार महादेवराव, मिशीवाले. नियम त्यांनी तोंडी सांगितले, मी वहीत घेतले:
नळी कायम निशाणाकडे. बोट चापाबाहेर, प्रत्यक्ष झाडेपर्यंत. शिटी वाजल्याशिवाय चुन्याच्या रेषेपुढे पाऊल नाही. पिस्तूल अडलं तर नळी समोरच ठेवून डावा हात वर करायचा आणि गप्प उभं राहायचं. काडतुसाची रिकामी पुंगळी उडून जिथे पडेल तिथे पडू द्यायची. शेवटच्या शिटीनंतर वेचून, मोजून डब्यात टाकायची. जितक्या पुंगळ्या डब्यात, तितकीच नवी काडतुसं. शर्टाचं वरचं बटण लावायचं.
शेवटचा नियम अनावश्यक वाटला. मी बटण लावत नाही, गळ्याला काचतं.
गोळ्या पाच. निशाणावर शून्य. परंतु आवाज उत्तम.

सोमवार, १४ सप्टेंबर.
एस.टी. स्टँडवर चहाच्या दुकानात नियम विशद करून सांगितले. श्रोते सहा. त्यांपैकी एक झोपला, पण तो ड्रायव्हर होता, त्याला माफ.

रविवार, २० सप्टेंबर.
ताप. (सौ. म्हणते तापलेलं अंग नाही, तापलेलं डोकं आहे.) गेलो नाही. सहा राहिले नाहीत, पाच राहिले. तरी भरपूर.

रविवार, २७ सप्टेंबर.
माझ्या डाव्या हाताला जिनिंगवाले मोतीरामशेठ उभे असतात. त्यांच्या पिस्तुलाची पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे माझ्याकडे. दोन कानावर, एक वहीवर. वहीचं पान करपलं. मी गोळीबार चालू असतानाच त्यांच्याकडे वळून निषेध नोंदवला. जमादारांनी शिटी मारून सर्वांना थांबवलं आणि मला म्हणाले, पेपरवाले, पुंगळीनं माणूस मरत नाही, तुमच्या वळण्यानं मरते.
शब्दयोजना कडवट, पण आशय मान्य.
निशाणावर एक. मोतीरामशेठ म्हणाले ती त्यांची आहे. वाद घातला नाही.

रविवार, ४ ऑक्टोबर.
आजचा प्रसंग जसाच्या तसा नोंदवतो. दुसरी गोळी झाडली. माझीच पुंगळी उडाली ती कॉलरमधून आत. पाठीच्या कण्यावरून खाली, धोतराच्या गाठीपाशी थांबली. पितळ किती तापतं याची कल्पना नव्हती. मी किंचित हललो. दोन वेळा गिरकी घेतली असं म्हणतात. पिस्तूल हातात होतं, गोळ्या तीन शिल्लक होत्या.
डोळे उघडले तेव्हा रेषेवरचे सर्व नेमबाज पालथे पडले होते, मोतीरामशेठ पांढऱ्या विजारीसह. केवढी ही डिसिप्लिन! मला तेव्हा वाटलं, पालथं पडून मारण्याचा नवा पाठ सुरू झाला.
जमादार नंतर म्हणाले, अजून तीन रविवार आहेत, पण तुम्ही येऊन राह्यले तर माझी पेन्शन राहत नाही. विनोदी माणूस.
पुंगळी डब्यात टाकली. मोजणी बरोबर आली.

रविवार, ११ ऑक्टोबर.
बटण लावलं. निशाणावर दोन, दोन्ही माझ्या. जमादारांनी मान हलवली. होकारार्थी होती. २५ला दाखल्याची परीक्षा. पंधरा गोळ्या, निशाणापेक्षा हाताळणीला मार्क जास्त. हाताळणीचे सर्व नियम मला पाठ आहेत, क्रमाने आणि उलट क्रमाने.
सौ.ला सांगितलं. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, तेवढं पदरात पाडा, मग मी ते माझ्या हातानं पेटीच्या तळाशी ठेवते, लुगड्याखाली.

गुरुवार, १५ ऑक्टोबर. विजयादशमी.
गावातले लोक शस्त्रपूजा म्हणजे विळ्याला कुंकू लावतात आणि जेवायला बसतात. पाठशाळेत सात वर्षं काढलेल्या माणसाला हे जमणार नाही. पिस्तुलाची षोडशोपचार पूजा केली, स्वतः. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, मग स्नान. स्नान पंचामृताचं: दूध, दही, तूप, मध, साखर. वरचा सरकता भाग मागे ओढून आतही चमचाभर घातलं. देवतेला बाहेरूनच आंघोळ घालणं हा अर्धवटपणा. मग सोवळ्याच्या फडक्यानं पुसून घेतलं.
सौ. दारातून म्हणाली, त्याच्यात मध घालू नका हो. मी म्हणालो, तूप आहेच, तेल द्यायची गरज उरली नाही. शास्त्र आणि मशिनरी यांचा मेळ बसतो तो असा.

रविवार, १८ ऑक्टोबर.
एस.टी. चुकली. परीक्षेआधी हाताला विश्रांती हवीच होती.

मंगळवार, २० ऑक्टोबर.
पिस्तुलाला मुंग्या. लाल. नळीतून आत, पुंगळी उडायच्या फटीतून बाहेर, ओळीनं. परातीत पाणी घालून मध्ये वाटी पालथी ठेवली, तिच्यावर पिस्तूल. लाडवाचा डबा ठेवतो तसं.
सौ. म्हणाली, जमादाराले दाखवा, घासलेटनं खोलून धुऊन देतील. परीक्षेच्या आठवड्यात परीक्षकाला मुंग्या दाखवायच्या? लौकिक काय राहील?

रविवार, २५ ऑक्टोबर. पहाटे ४.३०.
मन शांत. मुंग्या गेल्या. सौ.नं हातावर दही दिलं आणि म्हणाली, आज काही बोलू नका, काही सुचवू नका, फक्त सांगतील ते करा. बटण तिनंच लावलं.

त्याच दिवशी. संध्याकाळ.
पहिली गोळी सुटली. निशाणाच्या काठाला लागली. सर्वांनी पाहिली.
पुंगळी मात्र उडाली नाही. वरचा भाग अर्ध्यात चिकटला आणि पुंगळी फटीत उभी राहिली, नाकात बोट अडकावं तशी. नियम मला माहीत होता. हा नियम मी स्टँडवर चार वेळा सांगितला आहे. नळी समोर, डावा हात वर, गप्प.
मी पिस्तूल उलटं करून नळीत पाहिलं. आत काय अडकलं असावं याचं कुतूहल.
जमादार मागून आले, माझं मनगट धरून खाली दाबलं, चापावरचं बोट आधी, मग बाकीची एकेक करून सोडवली. मग पिस्तूल खोललं. बोट लावून वास घेतला. विचारलं, हे काय हाय? मी सविस्तर सांगितलं, पाचही पदार्थ. त्यांनी बोट विजारीला पुसलं. मग म्हणाले, तीस वर्षांत पिऊन आलेले लोक पाह्यले, पाजून आणलेलं पिस्तूल आज पाह्यलं.
उरलेल्या चौदा गोळ्या मला दिल्या नाहीत, पिस्तूलही चांदमारीवर ठेवून घेतलं.
परतताना वाटभर विचार केला. निशाण लागलं होतं, हे कोणी नाकारू शकत नाही.

शनिवार, ३१ ऑक्टोबर.
कागद आला. 'अर्जदार हाताळणीस अयोग्य.' अपील लिहायला घेतलं. मसुदा चांगला झाला, अकरा पानं. सौ. म्हणाली, आता तरी सरकारजमा करा. चौकशी केली. मुदत आज संपली, दुसऱ्या वारसाचा अर्ज आधीच पडला आहे. अपील पाठवलं नाही.

सोमवार, ९ नोव्हेंबर.
गुलाबराव काल एकदाच चांदमारीवर गेले. बटण लावून. पंधरापैकी तेरा, पुंगळ्या पंधराच्या पंधरा डब्यात. पिस्तूल त्यांना तिथेच मिळालं, आज येऊन त्याचे कागद घेऊन गेले. जाताना म्हणाले, जावाईबापू, चिकट होतं बरं, जमादारानं उकळत्या पाण्यात धुतलं. भावानं हाक मारली तरी सौ. चुलीपुढून उठली नाही.
माझं म्हणणं असं की, माणूस दाखला मिळाल्यावर जबाबदार होतो. तसं तिला सांगितलं. तिनं ऐकलं नसावं.

गुरुवार, २६ नोव्हेंबर.
सुलतानपूरला जाऊन आलो. वार्ताहर या नात्यानं.
गुलाबराव रोज सकाळी खाट टाकून धुऱ्यावर बसतात. शिव्या नाहीत, कुऱ्हाड नाही. पिस्तूल मांडीवर घेऊन फडक्यानं पुसतात. नळी उकंडरावांच्या शेताकडे. पलीकडे उकंडरावांचा कापूस फुटून पांढराशुभ्र उभा आहे, बराच गळून मातीत मिसळला. वेचणीला बाया येत नाहीत. जनकाबाई म्हणून एक वेचणारी आहे, ती म्हणाली, मजुरी दुप्पट देली तरी तिथं नाही जात बा, लेकरं हायेत मले.
गुलाबरावांना विचारलं, हे बरं दिसतं का? ते म्हणाले, गोळी कायले लागते जावाईबापू, ते दिसलं म्हणजे झालं.
बातमी लिहिली. अकोल्याहून संपादकांचं उत्तर येईल ते मला आत्ताच माहीत आहे: घडलं काय? घडलं काहीच नाही. पाकीट टेबलावर आहे.
उद्यापासून पहाटे उठून मनन.

बुधवार, २ डिसेंबर. दुपार.
उकंडराव आले होते. सोबत पत्नी कोकिळाबाई. धुऱ्यालगतचे चार एकर गुलाबरावांना विकून टाकायचे ठरवलं. खरेदीखताचा मसुदा हवा होता. मेहकरचा लिहिणारा लांब, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडे.
मी म्हणालो, थोडं थांबा, मी गुलाबरावांशी बोलतो. उकंडराव म्हणाले, तुम्ही बोलले होते ना भाऊ, तुमच्यासमोरच बसून होते ते. लिहा.
लिहिलं. चतुःसीमा घालताना पश्चिमेच्या बाजूला 'धुरा' लिहून मग खोडावा लागला. दोन्हीकडचा मालक आता एकच, मध्ये धुरा कसला? दुसरा कागद घेतला. उकंडरावांनी दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, अक्षर लय बेस हाय. साक्षीदार लागत होता. सही मीच केली.
कोकिळाबाई आत सौ.पाशी बसल्या होत्या.
मग सौ. चहा घेऊन आली. कप दोनच होते. एक तिनं उकंडरावांपुढे ठेवला, दुसरा कोकिळाबाईंसाठी घेऊन आत गेली.