आंधळ्या विणकराची गोष्ट

प्रिय ताई,

हे पत्र भाऊजी तुला वाचून दाखवतील. भाऊजी, मध्येच घसा खाकरून स्वतःची मतं घुसडू नका, आणि शेवटचा परिच्छेद गाळू नका. तुम्हाला गाळावासा वाटेल, म्हणून आधीच हात जोडतो.

ताई, परवा फोनवर तू सांगितलंस की डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललंस, थेंबही बंद केलेस, आणि आता रोज सकाळी टेकडीवरच्या देवीच्या झऱ्याचं पाणी डोळ्यांना लावतेस. मी म्हटलं, अगं, हा काचबिंदू आहे, यात गेलेली नजर परत येत नाही. तू फाडकन म्हणालीस, "त्या आंधळ्या विणकराची आली ना?" मी घाईघाईने फोन ठेवला. तुला वाटलं असेल, चला, या शहाण्याला एकदाचं गप्प केलं. आठवड्याच्या आठवड्याला पेपरात लोकांच्या टोप्या उडवून पोट भरणारा तुझा भाऊ, आणि त्याला उत्तर सुचू नये! उत्तर होतं, ताई. तोंडातून निघेना.

मला देवाधर्मातलं काय कळतं, असंही तू म्हणालीस. काही कळत नाही. पण टेकडीवरच्या त्या देवळातलं थोडं कळतं. देवस्थानानं इतिहास लिहायचं काम माझ्याकडे दिलं होतं. तुला मुद्दामच सांगितलं नाही. तू गल्लीभर पेढे वाटले असतेस आणि नास्तिक म्हणून मी कमावलेली अब्रू गेली असती. गेलो होतो तो चेष्टेला खाद्य मिळेल म्हणून. पण उंबऱ्याशेजारचा झिजलेला शिलालेख एका जाणकाराने वाचून दाखवला, आणि माझी जीभ जरा थबकली. खिंडीतल्या अंधारात पाय घसरून जिचा नवरा गेला, अशा एका घाणा चालवणाऱ्या बाईने देवीपुढच्या दिव्याला कायमचं तेल लावून दिल्याचा तो लेख आहे. तेव्हा मूर्ती नव्हती, नुसता शेंदूर फासलेला दगड होता. व्यापाऱ्यांचे तांडे तो दिवा पाहून खिंडीची वाट ओळखायचे. त्या क्षेत्राचं माहात्म्य म्हणशील तर एवढंच: दर्शन झालं की उतरण्याआधी, आपल्यामागून येणाऱ्यासाठी दिव्यात तेल घालायचं. पुढे देऊळ पडलं, पुन्हा उभं राहिलं, दगडाजागी मूर्ती आली, तेल घालणं तेवढं चालू राहिलं. मी तिथे हात जोडले, ताई. कोणी बघत नाही ना, हे आधी पाहून घेतलं, पण जोडले.

हे सगळं मी देवस्थानाच्या अध्यक्षांना ऐकवलं. त्यांचं सिमेंटचं दुकान आहे, आणि मनही त्याच मालाचं. म्हणाले, "छान आहे हो, पण यात प्रचीती कुठंय? तेल घालून माणसाला मिळतं काय?" पुजारी बिचारे हळूच बोलले, "समाधान मिळतं." अध्यक्षांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी सिमेंटच्या गोणीत वाळू मिसळली. "लोक एवढे चढून येतात, त्यांना काहीतरी भरीव द्या," असं मला बजावून ते उठले.

मी रागारागाने घरी आलो आणि भरीव दिलं. भाऊजी, इथून पुढे गाळायचं नाही. ताई, तो आंधळा विणकर माझा आहे. एका बैठकीत लिहिला. त्याचा माग आपोआप चालायचा, देवी स्वतः हात धरून त्याला झऱ्यावर न्यायची, पाणी लागताच डोळे लख्ख! इतकं अचाट लिहिलं, की वाचणारा हसून लोळेल आणि अध्यक्ष खजील होतील. अध्यक्षांचे डोळे भरून आले. त्यांनी ते देवस्थानाच्या पुस्तिकेत तसंच छापलं, वर माझं नाव नाही, म्हणजे पुरातनच झालं. मी थांबवू शकलो असतो. उलट मित्रांच्या बैठकीत हा किस्सा रंगवून सांगितला आणि टाळ्या घेतल्या. मी टाळ्या घेत होतो, तेव्हा तू डोळे मिटून त्या झऱ्याच्या रांगेत उभी होतीस. फोनवरही सांगू शकलो असतो. पण तुझ्या आवाजात आशा होती, आणि ती मीच बनवलेली होती. अध्यक्षांना कळवलंय, पेपरातही नावानिशी लिहितोय. डॉक्टरांशी बोललोय, सोमवारी गाडी घेऊन येतो. दार लावून घेतलंस तर ओट्यावर बसेन, पण तू गाडीत बसायचं. आणि आजच्या आज थेंब सुरू कर. माझ्यावर विश्वास ठेव, असं म्हणायला मला तोंड उरलेलं नाही. पण मी खोटारडा आहे, एवढ्यावर तरी ठेव.

तुझाच,
टवाळ्या