तीन मजल्यांचं भांडण

८ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. तू तळमजल्यावर, मी तिसऱ्यावर, आणि दोन वर्षं आपल्यात शब्द नाही. म्हणून हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती देते आहे. तुझ्या हृदयाची उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद आहे, तीही फार पूर्वीपासून, आणि अँजिओप्लास्टीची तार काही केल्या आत जाईना म्हणून डॉक्टरांनी काल मध्येच थांबवलं. सख्ख्या बहिणीला हे जिन्यात, शेजारणीच्या तोंडून कळावं, हा तुझा मोठेपणा.

काही आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणतात आणि तू नाही म्हणतोस. जन्मभर शिंपीकाम केलंस. शिवण चुकली तर उसवून पुन्हा घालतोस ना? आईच्या आजारपणावरून चारचौघांत मला जे बोललास, ते मी विसरलेले नाही. पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, तेव्हा लिहिलं.

ताई


११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साष्टांग कागदावरच. उत्तर देणार नव्हतो, पण बायको जेवायला वाढीना.

मला काही होत नाही. छातीत दुखत नाही, दम लागत नाही. दुकान उघडतो, कात्री चालवतो. बंद रक्तवाहिनी त्यांच्या पडद्यावर दिसते, मला जाणवत नाही. डाव्या बाजूच्या बारीक वाहिन्या म्हणे तिथवर थोडं रक्त पोचवतात. तेवढं मला पुरे. पुन्हा त्या टेबलावर तासन्‌तास उताणा पडणार नाही.

आईबद्दल बोललो ते बोललो. शेवटी ती तुझ्याकडे होती आणि तिची आबाळ झाली. तुझा उंबरा चढणार नाही म्हणालो होतो, तो शब्द पाळला आहे. शाळेतून निवृत्त झालीस, आता वर्ग घ्यायला कुणीतरी हवं, हे समजतं. पण मी तुझा विद्यार्थी नाही.

कळावे. लोभ आहे तेवढाच राहू द्यावा.

धाकटा


१९ जून

धाकट्या,

मायना राहू दे. काल तुझ्या बायकोबरोबर मीही डॉक्टरांकडे गेले. तुला विचारलं नाही. रागव खुशाल.

तुला दुखतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. तू काय काय करायचं सोडलंस, ते तिला विचारलं. म्हणाले, असे रोगी ज्या कामाने दुखतं ते काम गुपचूप टाकून देतात आणि मग मला काही होत नाही म्हणून सांगत फिरतात. ती आठवून आठवून सांगू लागली. कापडाचे गठ्ठे उचलणं सोडलं. जेवून फिरायला जाणं सोडलं. माप घ्यायला खाली वाकणंसुद्धा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, की वर ताईंकडे जाणंही.

दोन वर्षं मला वाटत होतं तू माझ्यावर रागावलास. तू जिन्यावर रागावला होतास. त्या दिवशी घामाघूम होऊन वर आलास, म्हातारा झालास म्हणून मी सगळ्यांसमोर हसले, आणि तू लगेच आईचं काढलंस. धाप लागली एवढं म्हणवेना, म्हणून?

पुन्हा टेबलावर जा. माझ्यासाठी नको, बायकोसाठी जा. आपल्या दोघांचं ऐकून ती अर्धी झाली आहे.

ताई


२४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. या वेळी मनगटातून आणि जांघेतून, दोन्हीकडून शिरले. पुढून तार जाईना, तेव्हा डावीकडच्या त्याच बारीक वाटांनी वळसा घालून मागून आले. मी जागा होतो. डॉक्टर तारेला शिव्या घालत होते, पण सभ्य. शेवटी वाट मोकळी झाली, स्टेंट बसले. बायको बाहेर रडली आणि आत येऊन मला बोलली.

तू लिहिलंस ते खरं आहे. आईची आबाळ झाली नव्हती. तिने माझ्याजवळ कधी तक्रार केली नाही. तू हसलीस, मला राग आला, आणि तोंडात आलं ते बोलून गेलो. पुढे ते सोयीचं पडलं. आता तुला बरं वाटलं असेल.

हळूहळू जिने चढा म्हणाले आहेत. रविवारी वर येऊ का?

धाकटा


२६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

या वेळचे आशीर्वाद खरे, कारण जगलास.

मला बरं वाटलेलं नाही. तुला ते खरंच वाटत होतं असं असतं, तर मी तुझ्याशी भांडले असते, तुला समजावलं असतं. तू मनात नसताना बोललास आणि ते खरं धरून बसले मी. आईला औषध द्यायला कधी उशीर झाला, कधी मी तिच्यावर खेकसले, हे सगळं उकरत बसले. फोटोसमोर तिची माफी मागत राहिले. तू खाली निवांत शिवत होतास.

रविवारी ये. प्रत्येक मजल्यावर थांब, कठडा धर, घाई करू नकोस. दार मी उघडेन. बस म्हणणार नाही. काय बोलायचं ते उभ्यानेच बोल. आता तुला उभं राहवतं.

ताई