शंकरपटातला किडा

सेलू, २५ ऑगस्ट १९९१

ती. दादास,
मालनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली कळव, पण त्याआधी तू पुण्याच्या कॉलेजात बनवायलास त्या खेळाची कळव! पंडितसरांनी मोंढ्यातल्या खोलीत कॉम्प्युटर मांडलाय, त्याच्यावर त्यांच्या आईने विणलेला रुमाल घातलाय, आणि दारावर खडूने लिहिलंय, ‘पोळ्याला शंकरपट, बैल पुण्याहून येणार’. लोक खरेच बैल समजायलेत. एकजण कडबा लागेल का म्हणून विचारून गेला. बैलगाड्यांची ही शर्यत टीव्हीसारख्या पडद्यावर खेळायची असते, हे सांगून सांगून सरांचा घसा बसला.

सगळ्यात उतावळे आपले माणिकराव कंडक्टर. स्टँडावरच्या व्हिडिओ गेममध्ये त्यांना हरवणारा अजून जन्मायचाय. पोळ्याची रजा टाकून बसलेत म्हणे!

माझं तुला माहीतच हाय. आबा म्हणतात, बन्सीचा खेळ डोळ्यांनी बघीन, दम दिसला तर तू खुशाल सरांच्या कॉम्प्युटर क्लासला जा. न्हाईतर दिनकरमामांनी ताडकळसचं स्थळ आणलेलंच हाय. मला क्लासला जायचंय रे दादा, लय जायचंय. तवा बैल वेळेवर हाक.

लोभ असू दे, उशीर नसू दे.
तुझी मालन

पुणे, ३ सप्टेंबर १९९१

चि. मालन हिस अनेक आशीर्वाद.

बाई, पत्र फाडायच्या आधी वाच. पोळ्याला जमत नाही. खेळात किडे निघाले! एक काढला की दुसरा वळवळतो. बैल निम्म्या वाटेतून माघारी फिरतात आणि गाडीवान बापडा बिनगाडीचा पुढे पळत राहतो. आम्ही मित्र हसून हसून खुर्चीवरून पडलो, पण असा खेळ सेलूला पाठवला तर माणिकराव मला स्टँडावर उतरू देणार नाहीत. एकदा नाव खराब झालं की झालं. दसऱ्याला नक्की.

आबांना तेवढं सांभाळून घे. आईला नमस्कार.
तुझा, शिव्या खायला तयार असलेला,
बन्सीधर

सेलू, १२ सप्टेंबर १९९१

ती. दादास सा. न. वि. वि.

पोळ्याला सरांच्या खोलीपुढे ही गर्दी! तारीख पुढे गेली म्हटल्यावर एकच कालवा झाला. माणिकरावांनी रजा वाया गेली म्हणून जाहीर केलं, की ह्या बन्सीला माझ्या गाडीत उभ्यानेसुद्धा नेणार न्हाई. दुसरी पार्टी सरांची. त्यांचं म्हणणं, शिजेपर्यंत दम धरला तसा निवेपर्यंत धरा, तोंड भाजून घ्यायची हौस कशाला? आता दोन्ही पार्ट्या चहासुद्धा वेगवेगळ्या हॉटेलात पितात. अजून एकानेही खेळ पाहिला न्हाई बरं का!

आणि आबा? मी भीत भीत तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचून गंभीर झाले, टोपी घातली आणि थेट परभणी गाठली. कृषी विद्यापीठातल्या साहेबांना विचारलं, पोराच्या बैलाला कीड लागलीय, काय फवारू? साहेबांनी विचारलं, बैलाला का पिकाला? आबांना सांगता येईना. तवा तूच कळव, मावा हाय, तुडतुडे हायेत का बोंडअळी? तोवर सोबत निंबोळीची पुडी पाठवलीय.

मी तोंडावर पदर धरून माजघरात पळाले. पण ऐक, आबा चिडले न्हाईत! म्हणाले, किडका कापूस खाली आणि चांगला वर असं झाकून मोंढ्यात आणणारे लय बघितले, माझ्या पोराने आधीच सांगितलं. दसऱ्यापर्यंत थांबायला तयार हायेत. मीही जीव मुठीत धरून थांबते.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी मालन

पुणे, १० ऑक्टोबर १९९१

चि. मालन हिस अनेक आशीर्वाद.

निंबोळीची पुडी कॉम्प्युटरवर ठेवलीय. वास कसला म्हणून आमचे सर रोज नाक मुरडतात. अगं, किडा म्हणजे लिहिण्यातली चूक! आम्ही कॉम्प्युटरला हुकूम लिहून देतो, त्यात कुठे चुकलं की त्याला किडा म्हणतात. आबांना नीट समजावून सांग.

आता जीव घट्ट कर. दसऱ्यालाही जमत नाही. बैल माघारी फिरायचे थांबले, पण आता शर्यत संपली तरी थांबतच नाहीत. दिवाळीला मी स्वतः घेऊन येतो. तुझी शपथ.

तुझा गुन्हेगार भाऊ,
बन्सीधर

सेलू, १५ ऑक्टोबर १९९१

दादा,

आज नमस्कार न्हाई. माझी शपथ घालायची न्हाई, तुझ्या बैलांची घाल. मामा परवा येऊन बसले होते. आबांनी दिवाळीपर्यंतचा वायदा केलाय. तुझे बैल आले न्हाईत तर ताडकळसच्या गाडीत मलाच बसायचंय, हे ध्यानात ठेव.

किडा म्हणजे चूक, हे आबांना सांगितलं. जरा वेळ मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, कीड ती कीडच, काढायला येळ लागतोच.

तरीपण तुझीच,
मालन

सेलू, २४ नोव्हेंबर १९९१

ती. दादास साष्टांग, लोटांगण, सगळे नमस्कार!

तू गेलास आणि घर सुनं झालं. भाऊबीजेला ओवाळल्यावर तू ताटात खेळ भरलेली ती काळी चपटी फ्लॉपी टाकलीस, ती आई अजून सगळ्यांना दाखवते, आमच्या मालनीची ओवाळणी म्हणून. माणिकराव पंचाईतीत हायेत. तुझ्या शंकरपटात आबांकडून हरल्यापासून सांगत फिरतात, की अजून थोडा उशीर केला असता तर खेळ आणखी चांगला झाला असता. ऐक आता!

खरी बातमी पुढे हाय. खेळात दम बघून आबांनी क्लासला हो म्हटलं, तरी काल मामा ताडकळसच्या लोकांना घेऊन आले. पोहे झाले, पसंती झाली. मग मुलाने हळूच सांगितलं, मुलीने ते कॉम्प्युटर-बिम्प्युटर सोडावं, आमच्याकडे चालत न्हाई. मी कपबशी जरा आपटूनच खाली ठेवली.

आबांनी सुपारी कातरायची थांबवली. म्हणाले, मुलगा गुणाचा हाय, घर चांगलं हाय, पण मुलात एक किडा हाय. तेवढा काढून मग आना. आमी थांबू. आमाला आता सवय झालीय.

उद्यापासून माझा क्लास, दादा! मी आनंदाने उडायलेय. मामांना मात्र काही उमगलं न्हाई. जाता जाता उंबऱ्यात थांबून आईला विचारत होते, कोणता किडा? आई आत गेली आणि घरात उरलेली निंबोळीची पुडी त्यांच्या हातात ठेवली.

लोभ वाढव, किडे कमी कर.
तुझी क्लासवाली,
मालन