आबांच्या घरचं पाणी

प्रिय सुशांत,

फोनवर तू ‘आबा कसे आहेत’ एवढं विचारतोस आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलेय. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून आपलं टिटवाळा काही लांब नाही, पण पावसाळा सरला तरी तू आलेला नाहीस. रागावून लिहीत नाहीये रे.

आबांचे जुलाब थांबत नव्हते, ते तुला ठाऊक आहे. सोसायटीत बऱ्याच घरांत पोटं बिघडलेली, पण बाकीचे लवकर सावरले. शेजारच्या जाईबाई तर ताकभातावर उठून बसल्या. आबा मात्र खंगत गेले. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीचं काम ढासळलं, आणि डॉक्टर म्हणाले, बहुतेक रिजेक्शन आहे, शरीर नवी किडनी नाकारतंय. तेव्हा तू उठून जिन्यात जाऊन बसलास. मी मागोमाग आले, तर म्हणालास, “ताई, माझंच काहीतरी कमी पडलं.” त्यानंतर तू हॉस्पिटलमध्येही आला नाहीस आणि घरीही.

मी कल्याणच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं पाणी तपासते, तसं घरचंही नेलं. नेहमीच्या तपासणीत एकही जंतू नाही, क्लोरीनही पुरेसं. तरी मनाचं समाधान होईना. आपल्याकडे नदीचं पाणी येतं, आणि नदीवर वरच्या अंगाला गुरं उतरतात. गुरांच्या शेणातून येणारे काही परजीवी इतक्या टणक कवचात असतात की क्लोरीन त्यांचं काही वाकडं करत नाही. ते मुद्दाम शोधावे लागतात. सरांची परवानगी काढून मी कॅनभर पाणी बारीक फिल्टरमधून गाळलं, फिल्टरवरचा गाळ धुऊन घेतला, त्यावर चमकणारा रंग सोडला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. काळ्या अंधारात हिरव्या बांगड्यांसारखी त्या परजीवींची कवचं. अगदी थोडी, पण होती. मी सरांना बोलावलं. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले आणि म्हणाले, “मेघना, आधी वडिलांच्या डॉक्टरांना फोन कर.”

डॉक्टर आबांना दुसऱ्या दिवशी रिजेक्शनची जोरदार औषधं सुरू करणार होते. त्यांनी ती थांबवली आणि आबांचं शौच खास रंग लावून तपासायला पाठवलं. तिथेही तेच सापडलं. किडनी टिकावी म्हणून रोजच्या गोळीने आबांची प्रतिकारशक्ती आधीच दाबलेली, ती औषधं दिली असती तर उरलीसुरलीही गेली असती, असं ते मला नंतर म्हणाले.

आबांना प्यायला उकळलेलंच पाणी देतो. पण सकाळी चूळ भरताना ते नळाखाली ओंजळ धरतात आणि किडनीची गोळी त्याच घोटाबरोबर गिळतात. कोणाच्या ध्यानात यावं? फिल्टर प्लांटवरचा कमलेश भला माणूस, विचारल्यावर सरळ सांगितलंन, “ताई, गढूळ पाणी आलं की फिल्टर तुंबतो, मग न गाळताच पुढे सोडायला सांगतात.” आता फिल्टरमधली वाळू बदलतायत. तोवर सोसायटीत घरोघरी उकळणं चाललंय.

परजीवीवरचं औषध लागू पडायला वेळ लागला. जुलाब थांबले, अंगात पाणी टिकू लागलं, तसं क्रिएटिनिन उतरत उतरत जागेवर आलं. काल डॉक्टरांनी शेवटचे रिपोर्ट पाहिले. रिजेक्शन झालंच नव्हतं, सुशांत. तुझी किडनी एवढं सगळं सोसूनही नीट काम करत होती. हे तुला मध्येच तोडता येणाऱ्या फोनवर सांगायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. आबांना मी रिपोर्ट वाचून दाखवला. जन्मभर कारखान्यात फिटर होते ना, म्हणाले, “त्याला कळव, पार्ट एक नंबर आहे, लाइनच खराब होती.” मग शर्टावरून तुझ्या किडनीच्या कुशीवर हात ठेवून बसले. रविवारी ये. तू येणार म्हणून त्यांनी आजच दाढी करून घेतलीय.

तुझीच,
मेघनाताई