दिव्याचा धूर आणि न घेतलेलं नाव

चि. साउमिक हिला भाऊजी कुप्पाकचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? साडूभाऊ दात दुखतो म्हणून अजून ओरडतात, की दातच कंटाळून पडला? मी उत्तम आहे. जेवतो, झोपतो (झोपतो हे तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं आहे). तुझी बहीण जाऊन आठ महिने झाले आणि तेव्हापासून आमच्या गावात एकही मूल जन्मलेलं नाही. त्यामुळे तिचं नाव अजून कुणाला मिळालेलं नाही, आणि ते मिळेपर्यंत मी तोंडातून काढायचं नाही, हे तुला सांगायला नकोच. चाळीस वर्षं दिवसातून पन्नासदा घेतलेलं नाव गिळून बसलो आहे. घरात रेडिओ असतो, तो आपला आपण बोलतो.

मागच्या आठवड्यात दक्षिणेकडच्या पाहुण्यांचं जहाज आलं. चाळीस माणसं, सगळ्यांची जाकिटं एका रंगाची. (आमची संस्कृती शिकायला आली होती, दुपारी तीनपर्यंत वेळ होता.) दरवर्षी सभागृहात सीलच्या तेलाचा दिवा तुझी बहीण लावायची. यंदा गावच्या कचेरीतली आलाशुआ माझ्या दारात येऊन म्हणाली, "काका, जन्मभर त्या दिव्याशेजारी बसलात, एवढं जमेलच की." मीही शहाणा, हो म्हणालो. जन्मभर मी दिव्याशेजारी बसून नुसता चहा प्यालो, हे मला सभागृहात गेल्यावर कळलं. ते बायकांचं काम, मी कधी हात लावला नव्हता. तिने शेवाळ्याची वात दगडी दिव्याच्या कडेने भुवईसारखी बारीक ओढली असती, मी बोटभर जाड घातली. दिव्याने असा धूर सोडला की धोक्याची घंटा वाजली, आणि पहिल्या रांगेत सुका मासा चघळत बसलेल्या आमच्या अग्निशमन प्रमुखाच्याच खिशात फोन खणखणला. मी ओशाळून पुटपुटत तुझ्या बहिणीची माफी मागितली, तर पाहुण्यांनी तीही वहीत उतरवली. एकाने विचारलं, ही कसली प्रार्थना? आलाशुआने डोळे पुसत सांगितलं, फार जुनी आहे. आता पुढच्या वर्षीचे पाहुणे धूर मागून घेणार.

आलाशुआ खिडक्या उघडायला गेली तेवढ्यात एक म्हातारी पाहुणी जवळ आली. चेहरा मायाळू होता. दरवर्षी दिवा कोण लावायचं, असं तिने विचारलं. बायको, म्हटलं. मग तिने नाव विचारलं. तिने थोडी वाट पाहिली आणि माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "आठवत नाही का? होतं असं या वयात."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? साउमिक, मला तिथेच रडू आलं. तिला वाटलं, धुराने.

बाकी इकडे सगळं ठीक. तुझ्या कुत्र्यांना आणि साडूभाऊंना विचारलंय म्हणून सांग, आधी कुणाला ते तू ठरव.

तुझा भाऊजी,
कुप्पाक

ता. क. तुझ्या लेकीचे, उवीलुकचे, दिवस भरत आले असं कळलं. सासरचे लोक बाळाला तिच्या आजेसासऱ्याचं नाव देणार म्हणे. एका मुलाला दोन नावं सहज पेलतात. त्या म्हाताऱ्याने शिकारीच्या होडीत आयुष्यभर कुणाला जागा दिली नाही, पण आता जरा सरकून बस म्हणावं. मुलगा झाला तरी चालेल, नाव कुठे तसलं काही बघतं! नावाबरोबर नातंही येतं: मी त्याला बायको म्हणेन, तू नातवाला ताई म्हण.

ता. ता. क. जेवतो हेही खोटं आहे. मूल झालं की लगेच फोन कर. ख्यालीखुशाली विचारत बसू नकोस. आधी तिचं नाव घे, मग मला घेऊ दे.